एर्लिंदाने चौक तापवला

वेराक्रूसहून फोन आला तेव्हा एर्लिंदाचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. हनुवटी आणि खांदा यांच्यात फोन धरून ती ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता भट्टीतल्या पास्त्यांचा, त्या सारण भरलेल्या जाड करंज्यांचा, एक अख्खा घाणा करपून गेला. एरवी एक पास्ता जरा जास्त लाल झाला तरी तिचा दिवस खराब जायचा. त्या दिवशी तिने करपलेला पत्रा बाहेर काढला, मांजरांसाठी अंगणात ठेवला आणि पिठाच्या हातांनीच शाल गुंडाळून ती एवोदिओच्या घराकडे धावत सुटली.

फोन निदियाचा होता. दान्सोन हा संथ जोडीनाच करणाऱ्या बंदरावरच्या मंडळाची ती सर्वेसर्वा. जुलैत एर्लिंदा आपल्या गावची म्हातारी मंडळी घेऊन वेराक्रूसला नाचायला गेली होती. तिथल्या चौकात रात्री दहालाही अंगातून घामाच्या धारा, ताडांखाली वाद्यवृंद, पांढरे कपडे, पांढरे बूट, हातात पंखे. तीन दान्सोन झाले आणि एर्लिंदाला इतका आनंद झाला की तिने निदियाचे दोन्ही हात धरून सांगून टाकलं, तुम्हीही आमच्या डोंगरात या, आमच्याबरोबर नाचा. तसल्या उकाड्यात जानेवारी कुणाला आठवतो?

आता निदिया फोनवर, वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी लावतात ते 'दोन्या' लावून, म्हणाली होती, "आमची बस ठरली, दोन्या एर्लिंदा. तीन राजांचा सण झाला की पुढच्या रविवारी. वाद्यवृंदही आमचाच आणतोय. तुम्ही फक्त जागा द्या."

एवोदिओने सगळं ऐकून घेतलं. तो निवृत्त खाणकामगार, उंच, काटकुळा, बोलायला अगदी कंजूष. दान्सोनमध्ये गेली सात-आठ वर्षं तोच एर्लिंदाचा जोडीदार होता.

"जानेवारीत," तो म्हणाला.

"हो."

"आपल्या सभागृहात."

एर्लिंदा पायरीवर बसली. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

रेआल देल मोंते हे गाव ढगांच्या उंचीवर आहे. डिसेंबर लागला की दुपारी तीनलाच धुकं उतारावरून खाली यायला लागतं आणि समोरच्या घराचा दरवाजा दिसेनासा होतो. मंडळाचा सराव चालायचा खाणकामगार संघटनेच्या जुन्या सभागृहात. दगडी भिंती, वर पत्रे, खाली लाकडी जमीन. उन्हाळ्यात तिथे छान गार वाटायचं. हिवाळ्यात तिथे बोललं की तोंडातून वाफ निघायची आणि गुडघे दुखणारी मंडळी एकेक करून यायची बंद व्हायची. दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत सराव बंदच असायचा. आणि नेमक्या त्या दिवसांत एक बसभर बंदरवासी तिथे नाचायला येणार होते, ज्यांना पंख्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही.

"त्या माणसांचं रक्त पाण्यासारखं पातळ असतं," एवोदिओ म्हणाला. "पहिल्या दान्सोनलाच गोठतील."

"मग सभागृह तापवायचं," एर्लिंदा म्हणाली आणि उठली.

ही बाई एकदा उठली की बसत नाही, हे गावाला ठाऊक होतं. वरच्या गल्लीतल्या खाणकामगाराची ही मुलगी. चौदाव्या वर्षी चौकातल्या मोठ्या उपाहारगृहात पास्त्यांना मुरड घालायला लागली आणि तिथेच तिची उमेदीची वर्षं सरली. मालकीण आधी एक म्हातारी होती, नंतर तिची मुलगी कासिल्दा. नवरा गेल्यावर एर्लिंदाने आपल्या घराची चौकाकडची खिडकी फोडून मोठी केली, तिथे फळी ठोकली आणि स्वतःचे पास्ते विकायला सुरुवात केली. बटाटा आणि मांस, मोले म्हणजे मिरचीचा दाट रस्सा, घेवडा, शनिवारी गोड अननसाचे. त्या दिवसापासून कासिल्दाने तिच्याशी बोलणं टाकलं. दोघींचे दरवाजे समोरासमोर. दोघी रोज सकाळी आपापली पायरी झाडायच्या आणि एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहायच्या.

दान्सोन तर तिला म्हातारपणीच भेटला. डोळे तपासायला खालच्या पाचुका शहरात गेली होती. घड्याळाच्या मनोऱ्याखाली रविवारची जुनी जोडपी नाचताना दिसली. सावकाश, ताठ, एका फरशीच्या आत. मध्येच संगीत चालू असताना सगळे थांबले, वाद्यांकडे तोंड करून उभे राहिले, बायकांनी वारा घेतला, आणि ठरल्या क्षणी पुन्हा पहिलं पाऊल पडलं. एर्लिंदाची बस चुकली. पुढच्या रविवारी ती मुद्दाम गेली. मग तिने गल्लीतल्या बायकांना ओढलं आणि बायकांनी नवऱ्यांना. एवोदिओ एकटा होता, म्हणून तिने त्याला स्वतःच धरलं. मला नाचता येत नाही, असं तो म्हणाला होता. तुम्ही फक्त ताठ उभे राहा, बाकीचं मी बघते, असं तिने उत्तर दिलं होतं.

तर आता हीटर. गावात हीटर कुणाकडेच नव्हते, कारण इथे थंडी वाजली की माणूस आणखी एक स्वेटर घालतो. पाचुकाच्या मोठ्या दुकानांत ती गेली. थंडीची पहिली लाट आली त्याच आठवड्यात सगळे संपले, असं प्रत्येक दुकानात कळलं. विजेवरचे होते, पण सभागृहात दोन दिवे आणि एक कॉफीचं भांडं एकदम लावलं तरी फ्यूज उडायचा. तिला हवे होते गॅसवरचे, चाकांवरचे, पाठीत सिलिंडर बसतो आणि पुढे मातीच्या जाळ्या लालबुंद होतात तसले. तिने बाजारात विचारलं, बसचालकांना विचारलं, पास्ते घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला पिशवीबरोबर तोच प्रश्न दिला. शेवटी तुलान्सिंगोहून लोकर विकायला येणाऱ्या बाईने सांगितलं की तिकडच्या बसथांब्यामागे कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्याच्या दुकानात दोन पाहिलेत, वरच्या फळीवर, अजून खोक्यात.

दुसऱ्या दिवशी एर्लिंदा आणि एवोदिओ तिथे हजर. खोकी होती. दुकानदाराने शिडी लावून ती उतरवली, धूळ झटकली आणि एर्लिंदाने खोक्यावरचं चित्र पाहिलं तेव्हा तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. परतीच्या बसमध्ये खोकी खाली ठेवायला चालक तयार नव्हता, म्हणून तिने दोन्ही खोक्यांसाठीही जागा घेतल्या. हीटर खिडकीशी बसले, एर्लिंदा आणि एवोदिओ कडेला, आणि वाटेत चढणारा प्रत्येक जण विचारत होता हे काय आहे. एर्लिंदा प्रत्येकाला वेराक्रूसच्या बसपासून सुरुवात करून सगळं सांगत होती. उतरेपर्यंत अर्ध्या बसने नाच बघायला यायचं कबूल केलं होतं.

सिलिंडर आणले नाबोरने. नाबोर गॅसचा ट्रक चालवायचा. त्याची "गाऽऽस" अशी आरोळी गल्लीच्या वरच्या टोकाला सुरू व्हायची आणि खालच्या टोकाला पोचेपर्यंत संपायची नाही. त्याने रेग्युलेटर बसवला, नळी आवळली, साबणाचा फेस करून जोडावर चोपडला आणि बुडबुडे येत नाहीत हे एर्लिंदाला वाकून बघायला लावलं. मग बटण दाबून धरलं, ठिणगी पाडली, आणि मातीच्या जाळ्या आधी निळ्या, मग नारिंगी झाल्या. सभागृहात जमलेली सगळी म्हातारी मंडळी त्या उजेडापुढे हात पसरून उभी राहिली. कुणीतरी टेप लावली. डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच त्या जमिनीवर पावलं पडली.

पहिला दान्सोन अर्धा झाला आणि एक हीटर विझला.

नाबोरने तो पुन्हा पेटवला. तेवढ्यात दुसरा विझला. खिडक्या उघडल्या, सिलिंडर बदलले, नळ्या बदलल्या. पेटायचे छान, थोडा वेळ लाल व्हायचे आणि टक असा आवाज करून मान टाकायचे. नाबोर जमिनीवर बसला आणि खोक्यातला कागद बोट ठेवून ठेवून वाचू लागला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"यात एक पहारेकरी आहे," तो शेवटी म्हणाला. "खोलीतली हवा खराब झाली, प्राणवायू कमी झाला, की तो गॅस तोडतो. माणसं झोपेत मरू नयेत म्हणून. पण आपल्या गावाची हवाच पातळ. त्याला वाटतं इथे सगळे गुदमरायला आलेत. उंच गावात वापरू नये असं इथे बारीक अक्षरात लिहिलंय."

कुणीतरी हसलं. एर्लिंदाला हसू आलं नाही. चार आठवडे राहिले होते.

नाबोरने डोकं खाजवलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की यावर उपाय आहे. तो पहारेकरी बाजूला काढायचा, एक तार इकडची तिकडे. दहा मिनिटांचं काम. खालच्या गावांत पुष्कळ जण करतात.

एर्लिंदाने हीटरकडे पाहिलं. मग पत्र्याकडे, बंद दगडी भिंतींकडे, आणि एवोदिओकडे, जो खुर्चीवर बसून खोकत होता. थंडीत खिडक्या उघड्या ठेवायच्या म्हटलं तरी कुणीतरी उठून लावणारच. बसभर पाहुणे, आपली माणसं, सगळ्यांच्या छात्या जुन्या.

"मग हवा खरंच खराब झाली तर कोण सांगेल?" तिने विचारलं.

नाबोरने कागदाची घडी घातली.

"मग नको. हात लावू नकोस त्याला."

"मग नाच मोकळ्यावर करा," नाबोर सामान आवरत म्हणाला. त्याला राग आला होता की तो खरंच सुचवत होता हे कळेना. "बाहेर अख्ख्या डोंगराची हवा आहे. त्या अळंब्या नाहीत का पेटत? कधी विझल्यात?"

अळंब्या म्हणजे उपाहारगृहांच्या दारात उभे असतात ते उंच हीटर. खाली सिलिंडर, मध्ये खांब, वर जाळी आणि तिच्यावर पत्र्याची टोपी. चौकाभोवतीच्या सगळ्या उपाहारगृहांनी बाहेरच्या टेबलांसाठी त्या घेतल्या होत्या. सर्वांत जास्त होत्या कासिल्दाकडे. आणि कासिल्दा ज्याला हो म्हणेल त्याला चौकातलं कुणी नाही म्हणत नसे. ती नाही म्हणाली तर विचारायलाच जायला नको.

दोन दिवस एर्लिंदा समोरच्या दाराकडे बघायची आणि परत भट्टीकडे वळायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पायरी झाडली, झाडू भिंतीला टेकवला, गरम पास्ते कापडात गुंडाळले आणि चौक ओलांडला. समोरची पायरी झाडणारी कासिल्दा तिला येताना बघून जागच्या जागी थांबली. आजूबाजूच्या दोन-तीन दारांतही झाडू थांबले.

"इतक्या वर्षांनी आलीस," कासिल्दा म्हणाली. "मला वाटलं मेल्यावर येशील. मी किंवा तू."

"आत येऊ?"

कासिल्दाने बाजूला सरकून वाट दिली. आत अजून खुर्च्या टेबलांवर उलट्या होत्या. एर्लिंदाने कापड उघडलं. कासिल्दाने एक पास्ता उचलला, खाल्ला नाही, नुसती कडेवरची मुरड निरखून पाहिली, अंगठ्याने चाचपली.

"ही माझ्या आईची मुरड आहे."

"हो," एर्लिंदा म्हणाली. "तिनेच शिकवली. दुसरी मला येत नाही."

एर्लिंदाने मग सगळं एका दमात सांगून टाकलं: निदिया, बस, सभागृह, विझणारे हीटर, नाबोरची तार. अळंब्या हव्यात, एका रविवारपुरत्या, गॅस मंडळाचा. मागताना तिचा आवाज जरा चढलाच, कारण मागायची सवय नव्हती.

"तू गेलीस तेव्हा मला सांगून गेली नाहीस," कासिल्दा म्हणाली. "एका सकाळी खिडकी उघडी दिसली."

"सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं नसतंस. आणि मी राहिले असते."

हे खरं आहे हे दोघींनाही माहीत होतं. कासिल्दाने पास्त्याचा एक घास घेतला. मग खिडकीकडे बघत, जणू गिऱ्हाइकाविषयी बोलावं तशी म्हणाली, "वरच्या खोलीतून तुमच्या सभागृहाचा आवाज येतो. रविवारी. मी एकटीच पाय हलवत असते. कुठे थांबायचं ते मात्र कळत नाही."

एर्लिंदाने टेबलावरची एक उलटी खुर्ची उतरवली आणि ती बसली.

"अळंब्या सगळ्या घेऊन जा," कासिल्दा म्हणाली. "इतरांच्याही मिळतील, मी बघते. पण त्या दिवशी मी भिंतीशी बसून राहणार नाही. रविवारच्या आत मला शिकव."

"तुझा गुडघा?"

"माझा गुडघा माझ्यापाशी. तू थांबायचं कुठे ते सांग."

त्यानंतर एर्लिंदाचे दिवस कसे गेले ते तिलाच कळलं नाही. पहाटे पास्ते, दुपारी कासिल्दाच्या उलट्या खुर्च्यांमधून शिकवणी, संध्याकाळी नाबोरबरोबर चौकाची मोजणी. कासिल्दाला ताल पटकन कळला, पण तिला चालवून घेणं म्हणजे भरलेलं कपाट सरकवणं. जोडीदाराने नेलेल्या दिशेला जायचं असतं हे तिला पटेचना. आयुष्यभर तिने सगळ्यांना दिशा दाखवली होती. दोघी भांडायच्या, आणि समोरच्या दारांतून ऐकणाऱ्यांना बरं वाटायचं की निदान बोलतायत तरी.

रविवार उजाडला तो स्वच्छ. दुपारी चौकात अळंब्या येऊ लागल्या. कासिल्दाच्या, शेजारच्या दोन्ही उपाहारगृहांच्या, वरच्या चॉकलेटवाल्याची एक, प्रवाशांच्या सराईमधली एक. माणसं त्यांना कमरेत धरून डुलवत डुलवत आणत होती, जणू आधीच नाच सुरू झाला होता. मधल्या छत्रीदार चौथऱ्यावर वाद्यवृंदासाठी खुर्च्या लागल्या, भोवती नाचाची जागा, आणि तिच्याभोवती अळंब्यांचं कडं. नाबोर साबणाचा फेस आणि ब्रश घेऊन एकेका जोडाजवळ वाकत होता.

बस आली आणि तिच्यामागोमाग धुकंही आलं. बसचं दार उघडलं. आधी एक घोंगडी उतरली. घोंगडीच्या आत निदिया होती.

"दोन्या एर्लिंदा," ती म्हणाली, "ही तुमच्या गावची थंडी आहे की आम्ही काही गुन्हा केलाय?"

तिच्या मागून उतरणारे सगळे पांढऱ्या कपड्यांवर जे मिळेल ते घालून आले होते. एकाने तर दोन टोप्या चढवल्या होत्या. त्यांच्या हातात फळांच्या गरम काढ्याचे पेले दिले गेले. कुणी पीत नव्हतं, सगळे पेले गालांना लावून उभे होते. एर्लिंदाला धडकी भरली. धुकं आता चर्चच्या मनोऱ्यावरून चौकात उतरत होतं आणि पलीकडची बाजू पुसून गेली होती.

"पेटव," ती नाबोरला म्हणाली.

नाबोर एकीकडून सुरू झाला. पहिली अळंबी फुस्स करून पेटली, तिची जाळी लाल झाली आणि तिच्याभोवतीचं धुकंही लाल झालं. मग दुसरी, मग तिसरी. चौकात एकेक करून लाल गोळे उमलत गेले, आणि माणसं बोलायची थांबली. असं काही गावातल्या कुणीही पाहिलं नव्हतं. धुक्यात प्रकाश पसरून सगळा चौक आतून पेटल्यासारखा दिसत होता. एका कोपऱ्यातली वाऱ्याने विझली, नाबोर धावला. दुसरी विझली, तिच्याकडे सराईचा माणूस धावला. सगळ्या पुन्हा पेटल्या आणि पेटत्या राहिल्या. निदियाने घोंगडी एका खांबाला टांगली. तिच्या खाली लाल पोशाख होता आणि पायात पांढरे बूट.

चौथऱ्यावरून वाद्यवृंदाच्या म्होरक्याने प्रथेप्रमाणे आरोळी ठोकली: "ऐका हो मंडळी! हा दान्सोन अर्पण करतो दोन्या एर्लिंदाला, दोन्या कासिल्दाला, आणि त्यांच्या अळंब्यांना!"

बासरी सुरू झाली. एवोदिओने हात पुढे केला. त्याने आज बूट इतके घासले होते की त्यात लाल ठिपके दिसत होते. सुरुवातीच्या सुरावटीत जोड्या नुसत्या उभ्या राहिल्या, मग ठरल्या ठोक्याला सगळी पावलं एकदम उचलली गेली. बंदराची आणि डोंगराची माणसं, पातळ रक्ताची आणि जाड स्वेटरांची, कोण कुठलं ते धुक्यात ओळखू येत नव्हतं. एर्लिंदा नाचत होती आणि मोजायचं विसरत होती. एवोदिओ हळूच म्हणाला, "तुम्ही ताठ उभ्या राहा, बाकीचं मी बघतो." तिला हसू फुटलं आणि एक पाऊल चुकलं.

मग थांबायची जागा आली. सगळे वाद्यांकडे वळून उभे राहिले. वेराक्रूसच्या बायकांचे पंखे सवयीने फटाफट उघडले, आणि उघडल्यावर त्यांनाच कळलं की गारठ्यात वारा कशाला घ्यायचा. चौकभर हशा पिकला. निदिया मात्र थांबली नाही. तिने पंखा जवळच्या अळंबीच्या दिशेने धरला आणि तिथली ऊब एर्लिंदाच्या तोंडावर ढकलायला लागली. बघता बघता सगळ्या पंख्यांनी तेच सुरू केलं.

कासिल्दा पलीकडच्या बाजूला होती. दोन टोप्यांचा जो गृहस्थ होता तो तिचा जोडीदार झाला होता. ती कपाळाला आठ्या घालून, ओठ घट्ट मिटून उभी होती आणि पहिल्या पावलाची वाट बघत होती. ठोका आला. तिचं पाऊल नेमकं त्यावर पडलं. तिने मान वळवून एर्लिंदाला शोधलं, आणि एर्लिंदाने हात वर करून बोटं हलवली.

अंधार पडून बराच वेळ झाला तरी नाच संपेना. वाद्यवृंदाच्या बासरीवाल्याची बोटं आखडली की तो खाली येऊन अळंबीखाली उभा राहायचा आणि पुन्हा वर जायचा. पास्ते संपले, तेव्हा कासिल्दाने आपलं स्वयंपाकघर उघडलं आणि एर्लिंदा कुणी न सांगता आत शिरून मुरड घालायला बसली. निघताना निदियाने सभागृहातले ते विझणारे दोन्ही हीटर बसमध्ये चढवून घेतले. आमच्याकडे समुद्राचा गार वारा सुटला की आम्हीही मरतो, आणि तिथली हवा तुमच्या त्या पहारेकऱ्याला नक्की पसंत पडेल, असं तिचं म्हणणं पडलं.

त्यानंतर रेआल देल मोंतेच्या मंडळाने हिवाळ्यात सराव बंद ठेवणं सोडून दिलं. जानेवारीतल्या रविवारी चार-पाच अळंब्या चौकात येतात, नाबोर फेस लावून जोड तपासतो, आणि धुक्यातून म्हातारी जोडपी एकेक करून उजेडात येतात. पाचुकाहूनही लोक येऊ लागलेत. कासिल्दा आता ठरलेली नर्तकी आहे. ती अजूनही डावीकडे वळायचं तिथे उजवीकडे वळते, आणि शिकवलंच चुकीचं असं चौकभर सांगते.